सजीव सृष्टीची खरी सरहद्द

सजीव सृष्टीची वाटणी करावयास कोणासही सांगितले, तर तो एका बाजूस वनस्पती आणि दुसऱ्या बाजूस प्राणी अशी दोन दालने मांडून मोकळा होतो. आणि डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावर विसंबून केलेली ही वाटणी व्यवहारात इतकी उपयोगी पडते, की तिच्या मुळाशीच काही वांधा असू शकेल अशी शंका सहसा कोणाच्या मनास शिवत नाही. परंतु आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगास, जेथे पावसाचा भरवसा पूर्वीपासूनच बेताचा आणि जेथील संसाराचा भार ज्वारी-कांद्याइतकाच दुधाच्या धारेवर आहे, त्या लोणी-धामणीच्या पट्ट्यातील कोणताही एक गोठा घेऊन त्यातील जिवांची पेशीच्या आतून रुजवात घातली, तर ही जुनी वाटणी पार कोलमडते. दावणीची गाय, तिच्या कासेजवळ चिकटलेला गोचीड, तिच्यापुढे टाकलेला कडबा, ओलसर पेंढीवर धरलेली बुरशी, गोठ्यावर सावली धरणारा कडुनिंब आणि धार काढावयास बसलेला मालक ही सारी मंडळी एकाच कुळातील ठरतात. आणि त्याच घरच्या विरजणात, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत आणि पावसाळ्याच्या तोंडाला धडधाकट जनावर आडवे करणाऱ्या घटसर्पात जे जीव वावरतात, ते या कुळाच्या सरहद्दीपलीकडचे ठरतात. माणूस आणि बुरशी यांच्यातील अंतर बुरशी आणि जिवाणू यांच्यातील अंतराच्या मानाने अल्प आहे, हे विधान ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. माझ्या मते मात्र जीवशास्त्राने गेल्या शतकात सामान्य माणसासाठी सिद्ध केलेले याहून अधिक उपयुक्त विधान क्वचितच असेल. आणि ते आपण त्याच्या हाती नीट पोचू दिले नाही, अशी माझी तक्रार आहे.

ही सरहद्द विज्ञानालाही फार उशिरा दिसली. हॉलंडातील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने १६७६ साली स्वतः घासलेल्या भिंगांतून जिवाणू पाहिले, तेव्हा त्यास ते केवळ अतिशय लहान प्राणी वाटले. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन याने वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकास नाव दिले, तेव्हा जिवाणूंत असे काही आहे की नाही हे पाहण्याजोगी साधनेच नव्हती. आणि त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे जिवाणूंना वनस्पतींच्याच एका कोपऱ्यात जागा मिळत राहिली. एदुआर शातों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ साली केंद्रक असलेल्या व नसलेल्या पेशींसाठी दोन वेगळी नावे सुचविली खरी, पण ती नावे कित्येक वर्षे जवळजवळ बेवारस पडून होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीचे अंतरंग उघडे केले आणि १९६२ साली स्टेनियर व व्हान नील यांनी, जिवाणू म्हणजे नेमके काय याचा खुलासा करताना, तीच नावे उचलून धरली. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांना आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी म्हणतात. मनुष्याने अणू फोडला, हिमालयाचे सर्वोच्च शिखर गाठले आणि कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, त्यानंतर कोठे त्यास सजीवांमधील सर्वांत खोल भेदाची व्याख्या करता आली, हा कालक्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा भेद समजून घ्यावयाचा, तर मुलकी कारभाराचा दाखला सोयीचा पडतो. जिवाणूची पेशी ही एका खणाची चावडी होय. तिच्यात मूळ दप्तर, म्हणजे जनुकांचा बहुधा एकच वलयाकार धागा, कोणत्याही कपाटाविना मधोमध पसरलेला असतो. त्याची नक्कल उतरविण्याचे काम चालू असतानाच रायबोसोम तिच्या मोकळ्या टोकास येऊन भिडतात आणि प्रथिन घडवू लागतात, त्यामुळे हुकमाची शाई वाळण्यापूर्वीच त्याची अंमलबजावणी सुरू झालेली असते. दृश्यकेंद्रकी पेशी ही जिल्ह्याची कचेरी. तेथे मूळ दप्तर दुहेरी पटलाच्या बंदोबस्तात, स्वतंत्र दालनात असते आणि ते दालन सोडून सहसा बाहेर येत नाही. बाहेर येते ती नक्कल, आणि तीही जशीच्या तशी नव्हे; मूळ मजकुरात जागोजागी शिरलेला निरुपयोगी भाग कापून आणि उरलेले तुकडे सांधून ती सिद्ध करावी लागते, ही गोष्ट १९७७ साली उघडकीस आली तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले होते. केंद्रकाच्या छिद्रांतून ही नक्कल बाहेर पडल्यावर प्रथिने घडविण्याचे, त्यांना घड्या घालून पत्त्यावर रवाना करण्याचे, टाकाऊ माल जिरविण्याचे आणि ऊर्जा वसूल करण्याचे काम वेगवेगळ्या खात्यांकडे असते, आणि या खात्यांमधील मालाची ने-आण ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नलिकांवरून चालते. दाखला येथवर ठीक आहे. त्याच्या पुढे तो फसवतो. कचेरीत खुर्चीवर कोणी मामलेदार असतो, पेशीत तसा कोणीही नसतो. पाठ्यपुस्तके केंद्रकास पेशीचा नियंत्रक म्हणतात आणि मुले त्यास राजा समजून बसतात. वस्तुतः दप्तराचे कोणते पान केव्हा उघडावयाचे, हे बाहेरून येणारी रसायने ठरवितात, आणि केंद्रक हे जेवढे हुकूम सोडणारे तेवढेच हुकूम ऐकणारेही आहे.

एवढा तपशील ऐकला, की वाचकाच्या मनात एक निष्कर्ष आपोआप तयार होतो: जिवाणू म्हणजे अपुरी, ओबडधोबड, मागे राहिलेली पेशी, आणि आपली पेशी म्हणजे तिची सुधारून वाढविलेली आवृत्ती. या समजुतीशी माझा सर्वांत मोठा कज्जा आहे. आतड्यात राहणारा एश्चेरिकिया कोलाय हा जिवाणू सुमारे दोन सहस्रांश मिलिमीटर लांबीचा. त्याच्या दप्तरात सुमारे ४६ लाख अक्षरे व ४,३०० च्या आसपास जनुके असतात, तर माणसाच्या दप्तरात अक्षरे ३ अब्जांहून अधिक आणि प्रथिने घडविणारी जनुके मात्र वीस हजारांच्याच घरात. म्हणजे दप्तर शेकडो पटींनी फुगले आणि कामाची कलमे पाचपटही झाली नाहीत. काटकसर हा गुण मानावयाचा असेल, तर तो निःसंशय जिवाणूकडे आहे. अनुकूल परिस्थितीत तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आणि रसायनविद्येच्या बाबतीत तर आपली पेशी त्याच्यापुढे अगदीच अडाणी आहे: आपणांस श्वासासाठी एक प्राणवायू लागतो, जिवाणूंत गंधकावर, नत्राच्या क्षारांवर, लोहावर आणि हायड्रोजनवर निर्वाह करणारी घराणी आहेत.

याचा पुरावा शोधण्यासाठी लोणीच्या शिवाराबाहेर जाण्याचे कारण नाही. हरभऱ्याचा बेवड चांगला, त्यावर पुढील पीक जोमदार येते, ही गोष्ट येथील शेतकरी कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीपासून जाणतो. हवेत नत्राचा साठा अफाट आहे, पण त्या नत्राची गाठ सोडवून तो पिकाच्या पोटी घालण्याची विद्या गायीस, माणसास, कडुनिंबास किंवा बुरशीस साधलेली नाही. ती जिवाणूंना आणि त्यांच्या काही दूरच्या भावबंदांना साधली. हरभऱ्याची मुळे रायझोबियम कुळातील जिवाणूंना गाठींमध्ये घर देतात, साखर पुरवितात आणि मोबदल्यात नत्र घेतात. ताजी गाठ फोडली असता आत जो गुलाबीपणा दिसतो, तो आपल्या रक्तातील द्रव्याशी नाते सांगणाऱ्या एका प्रथिनाचा असून, त्या नाजूक कारखान्यास प्राणवायूचा त्रास होऊ नये एवढ्यासाठी तो तेथे योजिलेला असतो. पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्यास चोळावयाची जिवाणू संवर्धकाची पाकिटे आपण विकत घेतो, ती या व्यवहाराची उघड कबुली होय. ज्याच्यावाचून आपली भाकरी पिकत नाही त्यास मागासलेला म्हणणे, हे निदान शेतकऱ्याच्या मुलास तरी शोभत नाही.

मग मोठे, गुंतागुंतीचे देह केवळ दृश्यकेंद्रकी पेशींनाच का घडविता आले? पृथ्वीवर जिवाणू सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपासून नांदत आहेत आणि त्यांतील कोणीही गाय किंवा कडुनिंब होऊ शकला नाही. याचे कारण काय, हा प्रश्न माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे. निक लेन आणि विल्यम मार्टिन यांनी २०१० साली त्यास जे उत्तर दिले, ते हिशेबाचे आहे. जिवाणू आपली ऊर्जा बाहेरच्या पटलावर निर्माण करतो. आकार वाढला की पटलाचे क्षेत्र वर्गाच्या प्रमाणात आणि आतील घनफळ घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जिवाणू जितका मोठा होईल तितका तो उत्पन्नाच्या मानाने खर्चात बुडतो. दृश्यकेंद्रकी पेशीने मात्र ऊर्जेची पटले बाहेरून आत आणली, तीही शेकडो-हजारो तंतुकणिकांच्या रूपाने, आणि त्या शिलकेच्या जोरावर तिला एवढे दप्तर व एवढी खाती पोसता आली. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडलूप बेटावर सापडलेला आणि २०२२ साली प्रसिद्धीस आलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सुमारे एक सेंटिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा आहे; पण त्याच्याही पोटात मोठी पोकळी असून जिवंत द्रव्य तिच्याभोवती पातळ थराने पसरलेले असते, आणि त्यास दप्तराच्या लाखो प्रती जागोजागी ठेवाव्या लागतात. हा अपवाद नियमास बळकटी आणतो, असे मला वाटते. लेन यांचा हिशेब सर्वांस मान्य आहे असे नव्हे. मायकेल लिंच यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यातील आकडेमोडीवरच हरकत घेतली आहे. तरी, जटिलतेस आधी भांडवल लागते आणि ते कोठून आले हे दाखविण्याची जबाबदारी सिद्धांत मांडणाऱ्यावर असते, एवढा दंडक या वादातून निश्चित झाला, हेही थोडके नाही.

आता व्यवहाराकडे वळू. जिवाणूच्या पेशीस बाहेरून एक भित्तिका असते, आणि ती साखरेच्या साखळ्यांना प्रथिनांचे आडवे टाके घालून विणलेली असते. असले वीणकाम ना गायीच्या पेशीत असते, ना माणसाच्या, ना बुरशीच्या. फ्लेमिंगला १९२८ साली सापडलेले पेनिसिलिन हे टाके पडू देत नाही, आणि वाढता जिवाणू आतल्या दाबाने फुटून मरतो. रोग्याच्या पेशीत भित्तिकाच नसल्यामुळे औषधास तेथे धरावयास काही सापडत नाही. १८९७ च्या साथीत पुण्यास प्लेगने जो हाहाकार केला, त्यात १० मार्च रोजी रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. आणि त्या वेळी प्लेगचा जिवाणू माहीत होऊन तीन वर्षे झाली होती, हाफकिन यांनी मुंबईत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती, परंतु जडलेल्या रोगावर मात्र औषध नव्हते. शत्रू ओळखला होता, त्याचे वेगळेपण ओळखलेले नव्हते. वॅक्समन आणि शाट्झ यांचे स्ट्रेप्टोमायसिन यावयास १९४३ साल उजाडावे लागले. ते जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन चिकटते, आणि आपल्या पेशीतले मोठे रायबोसोम त्या औषधास सहसा दाद देत नाहीत.

ह्या विद्येचा आपल्या पुणे जिल्ह्याशी फार निकटचा संबंध आहे. स्वतंत्र भारताने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली उभा केला. तेथे पेनिसिलिन तर तयार झालेच, पण डॉ. एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन नावाचे बुरशीविरोधी औषध शोधून काढले आणि त्या जिवाणूस पिंपरीचेच नाव देऊन तो स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना म्हणून शास्त्रात दाखल केला. या दोन औषधांची जोडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर सरहद्द जणू काय दोन्ही बाजूंनी उजळते. पेनिसिलिन बुरशी तयार करते आणि ते जिवाणूची भित्तिका मोडते. बुरशीस ती भित्तिका नसल्यामुळे ती स्वतः सुरक्षित राहते. हॅमायसिन जिवाणू तयार करतो आणि ते बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्यास धरून पटल फोडते. जिवाणूच्या पटलात ते द्रव्यच नसल्यामुळे तो बिनघोर असतो. मातीतल्या या दोन पक्षांनी एकमेकांचे वेगळेपण आपल्या कितीतरी आधी हेरले होते. मात्र हॅमायसिन त्वचेवर लावण्यापलीकडे फारसे गेले नाही, आणि त्या जातीची इतर औषधे शिरेतून देताना मूत्रपिंडाची काळजी घ्यावी लागते. कारण अर्गोस्टेरॉलचा सख्खा भाऊ, कोलेस्टेरॉल, आपल्या पटलात बसलेला आहे. जिवाणूविरोधी औषधे विपुल आणि बुरशीविरोधी औषधे मोजकी असतात, याचे कारण बुरशी आपल्या नात्यातील आहे.

हेच नाते शाळेतल्या जंताच्या गोळीतही आढळते. लोणीच्या शाळेत काय किंवा जुन्नरच्या शाळेत काय, मुलांना वर्षातून ठरलेल्या दिवशी अल्बेंडाझोल दिले जाते. आणि त्याच गावचा शेतकरी बुरशीजन्य रोगावर कार्बेन्डाझिम फवारतो. एक औषध पोटातल्या कृमीवर, दुसरे पानावरच्या बुरशीवर. परंतु दोन्हींचा मारा पेशीतील मालवाहतुकीच्या त्या ट्यूब्युलिन प्रथिनावरच, कारण कृमी आणि बुरशी दोन्ही दृश्यकेंद्रकी. जिवाणूत या प्रथिनाचा एक दूरचा भाऊबंद पेशी दुभंगण्याचे काम करतो, पण त्याचे रूप इतके वेगळे आहे, की ही औषधे त्यास ओळखत नाहीत.

ज्याने ही एवढी गोष्ट समजून घेतली, तो गोठ्यात आणि मळ्यात वेगळे प्रश्न विचारू लागतो. घटसर्प, फऱ्या आणि फाशी हे जिवाणूंचे रोग आहेत. तेथे प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर जनावर वाचू शकते. संकरित गायीस उन्हाळ्यात भेडसावणारा गोचीड ताप थायलेरिया या दृश्यकेंद्रकी आदिजीवाचा आहे. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरून तिलाच वाढावयास लावतो, आणि त्यावर कितीही पेनिसिलिन टोचले तरी त्यास भित्तिका नसल्यामुळे काहीही होत नाही. तेथे ब्यूपरव्हाक्वोन लागते. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी हे विषाणूंचे, म्हणजे ज्यांस स्वतःची पेशीच नाही अशांचे. तेथे लस हीच तजवीज, आणि प्रतिजैविक दिलेच तर ते जखमेत मागाहून शिरणाऱ्या जिवाणूंसाठी. मळ्यातही तेच: डाळिंबावरील तेल्या जिवाणूजन्य आहे, नारायणगावच्या द्राक्षबागेतील भुरी बुरशीजन्य आहे, आणि एकाचे औषध दुसऱ्यावर फवारणे म्हणजे पैसा मातीत ओतणे आहे. असे असूनही, ताप आला की एक टोचणी आणि डाग दिसला की एक फवारणी, ही वहिवाट आपल्याकडे पडली आहे. यात शेतकऱ्यास दोष देऊन आपली सुटका करून घेणे सोपे आहे. पण आजारी गाय दावणीला असताना आणि बँकेचा हप्ता उंबऱ्यावर असताना मनुष्य हाताशी असेल ते करतो. दोष असेल तर तो ज्यांनी त्यास हा भेद दोन रकान्यांत पाठ करावयास लावला आणि त्याचा उपयोग कधीच सांगितला नाही, त्या आम्हा शिकलेल्यांचा आहे. ‘फरक स्पष्ट करा’ या मथळ्याखाली केंद्रक आहे अथवा नाही, तंतुकणिका आहेत अथवा नाहीत, एवढे लिहून मुलास गुण मिळतात. आणि पेनिसिलिनची कुपी या फरकाच्या जोरावरच चालते, हे त्यास कोणीही सांगत नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सरहद्द इतकी स्वच्छ असेल, तर स्ट्रेप्टोमायसिनने काही रुग्णांचे कान का जातात, आणि क्लोरॅम्फेनिकॉलने अस्थिमज्जेचे काम का मंदावते? याचे उत्तर असे, की दृश्यकेंद्रकी पेशीच्या पोटातच जुना जिवाणू राहत आहे. तंतुकणिका हा कधीकाळी स्वतंत्र नांदणारा जिवाणू होता, आणि हरितलवक हा निळ्या-हिरव्या जिवाणूंचा वंशज आहे. रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की याने हरितलवकाविषयी १९०५ साली हे म्हटले होते. अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ते समग्र सिद्धांताच्या रूपाने मांडले, आणि त्यापूर्वी त्यांचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठविला होता. आज माणसाच्या तंतुकणिकेत १६,५६९ अक्षरांचे स्वतःचे वलयाकार दप्तर आणि जिवाणूच्या घडणीचे रायबोसोम सापडतात, म्हणून जिवाणूसाठी योजिलेले औषध कधीकधी त्यांनाही बाधते; आणि आईकडून आलेल्या त्या दप्तरात एका विशिष्ट ठिकाणी अक्षर बदललेले असेल, तर स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील औषधाने बहिरेपण येण्याचा धोका फार वाढतो. उलट बाजूने, मलेरियाच्या आदिजीवावर डॉक्सिसायक्लिन चालते, ते त्याच्या पेशीत हरितलवकाचा एक अवशेष अद्याप शिल्लक आहे म्हणून. २०२४ साली तर समुद्रातील एका शैवालाच्या पेशीत नत्र बांधणारा जिवाणू पुरता रुळून तिचा अवयवच झाल्याचे प्रसिद्ध झाले. सरहद्द आहेच, पण ती ओलांडून आलेला एक पाहुणा आपल्या पेशीत कायमचा वतनदार झाला आहे, हे ध्यानात घेतल्याखेरीज औषधाचे गुणही कळत नाहीत आणि दोषही कळत नाहीत.

दुसरा आक्षेप कार्ल वूज यांचा. केंद्रक नसणे ही काही ओळख नव्हे, असे म्हणून त्यांनी जॉर्ज फॉक्स यांच्यासह १९७७ साली रायबोसोमच्या घटकांची तुलना प्रसिद्ध केली आणि आजवर जिवाणूंत मोजले जाणारे मिथेनजनक जीव जिवाणूंहून सर्वस्वी वेगळे असल्याचे दाखविले. त्यांना आज आर्किया म्हणतात. तंतुकणिकेच्या पूर्वजास ज्याने घरात घेतले तो यजमान या आर्कियांपैकीच असावा, असे अलीकडचे पुरावे सुचवितात. हे सर्व पक्ष एकत्र पाहावयाचे असतील, तर गायीचे कोठीपोट पुरेसे आहे. त्यातील रसाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा अब्जांच्या घरात जिवाणू असतात, त्यांच्यासह केसाळ आदिजीव असतात, प्राणवायूवाचून जगणारी बुरशी असते, आणि या सर्वांनी कडब्याची साखर केल्यावर उरलेल्या हायड्रोजनचा मिथेन करणारे आर्किया असतात. कडब्यातील तंतू फोडणारे पाचक द्रव्य गायीपाशी नाही. लोणीच्या संकलन केंद्रावर पडणारा दुधाचा प्रत्येक लिटर हा या मंडळींच्या परस्पर देवाण-घेवाणीतून निघालेला आहे, आणि त्यांपैकी एकाही घटकास खालचा म्हणण्याची सोय नाही.

जिवाणूचे शेवटचे वेगळेपण मात्र आपल्यासाठी धोक्याचे आहे. आपली पेशी जनुके पुढच्या पिढीसच देते. जिवाणू ती शेजाऱ्यास देतो, प्रसंगी परक्या जातीच्या शेजाऱ्यासही, हे लेडरबर्ग व टेटम यांनी १९४६ पासून दाखवावयास आरंभ केला. त्यामुळे गोठ्यातील किंवा बागेतील निरुपद्रवी जिवाणूने शिकलेला प्रतिकार दवाखान्यातील रोगजिवाणूच्या हाती जाऊ शकतो, आणि तो एकदा गेला की परत मागता येत नाही. फ्लेमिंगने १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेत वापरलेले पेनिसिलिन जिवाणूस निबर करील, असा इशारा दिला होता. अस्थानी टोचलेली प्रत्येक कुपी आणि अस्थानी फवारलेला प्रत्येक टँक या शिक्षणास हातभार लावतो, व गोचीड तापावर वाया गेलेले पेनिसिलिन गायीस काही न देता तिच्या आतड्यातील जिवाणूंना मात्र प्रतिकाराचा धडा देऊन जाते.

म्हणून शिक्षकांस विनंती अशी, की हा धडा शिकविताना फळ्यावर दोन रकाने आखण्यापूर्वी मुलांस गोठ्यातील तीन रोगांची नावे विचारावी आणि कोणत्या रोगावर कोणते औषध का चालत नाही, येथून आरंभ करावा. आणि दूध घालणाऱ्या वाचकांस एवढेच सांगणे, की टोचण्यापूर्वी हा रोग जिवाणूचा, आदिजीवाचा की विषाणूचा, हे पशुवैद्यकास स्पष्ट विचारावे. आणि कासदाहासाठी प्रतिजैविक दिलेल्या गायीचे दूध विरजणातील जिवाणूंनाही मारते, म्हणून ते नीट विरजत नाही, हे जाणून, औषधाच्या वेष्टनावर छापलेली मुदत संपेपर्यंत ते घरात वापरू नये व संकलन केंद्रावरही घालू नये.